रशियन चांदीच्या चमच्यांवरचे शिक्के वाचताना या चुका टाळा

चमच्याच्या दांड्यामागे ८४ हा आकडा दिसला की बरेच जण दोन निष्कर्ष एका दमात काढतात: चमचा रशियन आहे आणि त्यात ८४ टक्के चांदी आहे. यातला दुसरा निष्कर्ष चुकीचाच आहे आणि पहिलाही चुकीचा निघू शकतो.

जुन्या रशियन पौंडाचे ९६ भाग करत, आणि त्या प्रत्येक भागाला झोलोत्निक म्हणत (सुमारे ४.२७ ग्रॅम). ८४ म्हणजे ९६ पैकी ८४ भाग शुद्ध चांदी. आपल्या सराफाच्या भाषेत हा ८७.५ टंच झाला. ८८ चा शिक्का असेल तर टंच ९१.६ आणि ९१ चा असेल तर ९४.८ च्या आसपास. घरगुती चमचे-काटे बहुतेक ८४ चेच असतात. सराफाच्या मशीनवर ८७ चा आकडा आला म्हणून ‘शिक्क्यापेक्षा जास्त कसं?’ असा संशय घेऊ नका, आणि ‘९२५ नाही, म्हणजे हलकी चांदी’ म्हणून वस्तू भंगारात तर अजिबात देऊ नका. ती तिच्या काळातली प्रमाणित चांदी आहे.

आता पहिला निष्कर्ष. इराणमध्येही चांदीवर ८४ मारत, पण फारसी अंकांत. तिथला आठ उलट्या व्ही-सारखा दिसतो. मुंबईत जुन्या पारशी-इराणी घरांतून आलेली वस्तू हाती पडली तर अंकांची लिपी आधी बघा. फिनलंड १८०९ ते १९१७ रशियन साम्राज्यात होतं, तरी तिथल्या शिक्क्यांची पद्धत वेगळी राहिली. बदामाच्या आकारात मुकुट आणि सोबत ८१३ एच असेल, तर वस्तू फिनिश आहे. तिला रशियन कोष्टकं लावू नका.

गरुड म्हणजे चांदी, हा समज

दोन डोक्यांचा गरुड बघितला की झारच्या राजवाड्याची आठवण होते आणि भाव वर जातो. पण गरुड शुद्धतेबद्दल काहीच सांगत नाही. एखाद्या कारखान्याला राजदरबाराचा पुरवठादार म्हणून किंवा प्रदर्शनातल्या बक्षिसापोटी तो वापरण्याचा मान मिळत असे. वॉर्सातल्या फ्राजे आणि नॉर्ब्लिन या कारखान्यांनी चांदीचा मुलामा दिलेले चमचे-काटे प्रचंड प्रमाणात बनवले आणि त्यांच्या शिक्क्यांतही गरुड सापडतो. फ्राजेच्या वस्तूंवर ‘प्लाके’ हा शब्दही असतो, म्हणजे त्यांनी मुलामा लपवलेला नव्हता. गरुड आहे, नाव आहे, पण ८४, ८८, ९१ असा आकडा कुठेच नाही, अशी वस्तू मुलाम्याची समजूनच पुढे चला.

सोव्हिएत काळात शिकायला किंवा कामासाठी गेलेल्यांनी आणलेले चमचे मराठी घरांतही आहेत. त्यांच्यावर इंग्रजीत ‘एम-एच’ आणि पुढे शेपटीवाला चौकोनी ‘यू’ वाटावा अशी तीन अक्षरं असतील, तर ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण आहे, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. त्यात चांदी असलीच तर वरच्या मुलाम्यापुरती.

बाईचं तोंड कुठे वळलंय?

काळ ठरवताना सर्वांत जास्त गल्लत इथे होते. कोकोश्निक हा रशियन बायकांचा पारंपरिक उंच शिरपेच. तो घातलेल्या स्त्रीचा एका बाजूने दिसणारा चेहरा १८९९ पासून सरकारी शिक्का झाला. कायदा १८९६ चा असल्याने काही कोष्टकांत तेच साल छापलेलं दिसतं. १९०८ पर्यंत हा चेहरा डावीकडे बघतो आणि शेजारी चांदी तपासणाऱ्या त्या विभागाच्या सरकारी तपासनिसाची आद्याक्षरं असतात. मॉस्कोच्या इव्हान लेबेद्किनची अक्षरं आरशात दिसावा तसा उलटा एन आणि तंबूसारखा आकार अशी दिसतात. पीटर्सबर्गच्या याकोव्ह ल्यापुनोवची असतात उलटा आर आणि तसाच तंबू. १९०८ नंतर चेहरा उजवीकडे वळला, तपासनिसाची अक्षरं गेली आणि विभागासाठी ग्रीक अक्षर आलं: पीटर्सबर्गला अल्फा, मॉस्कोला डेल्टा, ओडेसाला काप्पा.

म्हणून डावीकडे बघणारी स्त्री आणि शेजारी डेल्टा, किंवा उजवीकडे बघणारी स्त्री आणि शेजारी लेबेद्किन, अशी जोडी जमत नाही. असा चमचा दिसला की थांबा.

या शिक्क्यांत साल नसतं. त्यामुळे ‘१९०३ चा चमचा’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याला आधार विचारा. शिक्क्यावरून मिळतो तो कालखंड. उजवीकडचा चेहराही १९१७ ला थांबत नाही. क्रांतीनंतर काही वर्षं तीच पद्धत चालू राहिली आणि नवा शिक्का १९२७ मध्ये आला, त्यामुळे अशी प्रत्येक वस्तू झारच्या काळातलीच असेल असं नाही.

१९२७ पासून स्त्रीच्या जागी हातोडा घेतलेला कामगार आला आणि झोलोत्निकच्या जागी हजारातलं प्रमाण: ८४ च्या जागी ८७५. १९५८ पासून पंचकोनी ताऱ्यात हातोडा-विळा आला. वेलिकी उस्त्युग इथल्या काळ्या नक्षीच्या, सोनेरी झाक असलेल्या चहाच्या चमच्यांवर हाच तारा सर्रास दिसतो. चमचे देखणे आहेत, पण त्यांना झारकालीन म्हणून विकणं ही फसवणूक आहे. सर्वांत मोठा सापळा तर त्यानंतरचा: १९९४ पासून रशियाने कोकोश्निकवाली स्त्री परत आणली, तीही उजवीकडे बघणारी. शेजारी ९२५ किंवा ८७५ असेल तर वस्तू गेल्या काही दशकांतली आहे.

एक व्यावहारिक गोष्ट. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो अनेकदा उलटा साठवला जातो आणि चेहरा दुसरीकडे वळतो. कुणी फोटो पाठवला तर आधी त्यातले अंक सुलट दिसतात का ते तपासा.

१८९९ च्या आधीचे शिक्के

इथे काम सोपं आहे, कारण तपासनिसाच्या आद्याक्षरांखाली बहुधा सालच दिलेलं असतं. सोबत शहराचं चिन्ह आणि शुद्धतेचा आकडा असतो. मॉस्कोचं चिन्ह भाल्याने ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार संत जॉर्ज, तर पीटर्सबर्गचं जहाजाचे दोन तिरपे नांगर आणि मध्ये राजदंड. चौथा शिक्का कारागिराचा किंवा कारखान्याचा. सुरुवातीला हे शिक्के सुटे मारलेले दिसतात, शतकाच्या शेवटी शेवटी काही एकाच चौकटीत येतात.

चूक होते ती अक्षरं इंग्रजी समजून वाचल्याने. रशियन लिपीत बी-सारखं दिसणारं अक्षर ‘व’ असतं, सी-सारखं ‘स’, पी-सारखं ‘र’ आणि एच-सारखं ‘न’. ‘बी-सी’ वाटणारी अक्षरं म्हणजे मॉस्कोचा तपासनीस विक्तोर साविंकोव, ज्याचा शिक्का १८५५ ते १८८८ या काळात सापडतो. त्याला कारागीर समजून त्याच्या नावाने शोध घेत बसणारे मी बरेच पाहिलेत. ज्या अक्षरांखाली साल आहे तो तपासनीस, आणि साल आहे ते तपासणीचं. दांड्यावर कोरलेली घराण्याची आद्याक्षरं किंवा भेटीची तारीख यांवरून वय ठरवू नका. ती पुढच्या पिढीनेही कोरून घेतलेली असू शकतात.

बनावट कशी पकडायची

शिक्का हाताने ठोकलेला असतो. त्यामुळे सहा चमच्यांच्या संचात प्रत्येकावर तो किंचित वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात आणि कमी-जास्त खोल उमटतो. सहाही चमच्यांवर तोच तिरपेपणा, तोच पुसट कोपरा दिसला, तर एका अस्सल चमच्याचा साचा घेऊन बाकीचे ओतलेले आहेत. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ओतीव शिक्क्याच्या कडा गोलसर आणि तळ रवाळ दिसतो, तर ठोकलेल्याच्या कडा तीक्ष्ण असतात.

मोठ्या नावांबाबत दुप्पट सावध राहा. फाबेर्जेची पेढी १८४२ ची, दरबारी गरुडाचा मान १८८५ चा आणि मॉस्कोची शाखा १८८७ ची. म्हणून १८८० सालच्या मॉस्को शिक्क्याशेजारी गरुडासह फाबेर्जे असं नाव जुळूच शकत नाही. साझिकोव, ओवचिनिकोव, ख्लेबनिकोव या नामांकित रशियन पेढ्यांच्या नावांत आणखी एक खूण सापडते. १९१८ च्या लेखनसुधारणेपूर्वी अशा आडनावांच्या शेवटी एक उच्चार नसलेलं अक्षर लिहीत, लहान बी-सारखं, डोक्यावर डावीकडे छोटी आडवी रेघ असलेलं. पूर्ण आडनाव आहे आणि शेवटी ते अक्षर नाही, तर ठसा बनवणारा आजच्या काळातला आहे अशी दाट शंका घ्या.

मोडक्या चमच्यावरचा खरा शिक्का कापून दुसऱ्या, महागड्या वस्तूला डाग देऊन बसवण्याचाही प्रकार होतो. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडा. जोड असेल तर वाफ विरताना त्याची रेषा क्षणभर उमटते.

शिक्का वाचताच येत नसेल तर

घासू नका. रांगोळी, टूथपावडर, सोडा आणि फॉइलचं गरम पाणी, यातलं काहीही नको. झिजलेल्या शिक्क्यात उरलेली अर्धी रेष पहिल्या घासण्यातच जाते. काळी नक्षी तर गंधकाच्या संयुगांचीच असते, म्हणून चांदीचा काळेपणा घालवणारं रसायन त्या नक्षीवरही उठतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा, चमचा हळूहळू फिरवत चार-पाच कोनांतून फोटो काढा आणि ते एकत्र ठेवून वाचा. एका फोटोत हरवलेली रेष दुसऱ्यात दिसते. सराफाकडे नेलंत तर कानस लावू देऊ नका, मशीनवर बघायला सांगा. खोलगट भागाला सोन्याचा मुलामा असेल तर तपासणी दांड्यावर करायला सांगा, नाहीतर आकडा भलताच येईल.

सुऱ्यांचा हिशेब वेगळा. मूठ चांदीच्या पातळ पत्र्याची असते, आत राळेसारखा पदार्थ भरलेला असतो आणि पातं पोलादाचं. म्हणून पूर्ण सुरीचं वजन चांदी म्हणून धरू नका. पात्यावरचा शिक्काही पातं बनवणाऱ्याचा असतो. रशियातल्या वोर्स्मा गावच्या झाव्यालोव यांच्या पात्यांवर गरुड असतो, पण तो मुठीबद्दल काही सांगत नाही. पाती झिजून बदललेलीही असतात, तेव्हा वय ठरवायचं ते मुठीवरच्या शिक्क्यावरून. आणि अशा सुऱ्या गरम पाण्यात बुडवू नका. आतली राळ मऊ होते आणि पातं मुठीतून निसटतं.