सायन्स प्रोजेक्टचा प्रश्न कसा काढायचा? केळीवरूनच बघू

प्रदर्शन जवळ आलं की ज्वालामुखीचं मॉडेल नाहीतर यूट्यूबवरचं काहीतरी उचलायचं हे दरवर्षी चालतं. पण भाऊ, मॉडेल म्हणजे प्रयोग नव्हे, प्रयोगाला आधी प्रश्न लागतो आणि रावेर-यावलच्या पोरांना तर तो शेतातच सापडतो.

"केळी कशी पिकतात" हा नुसता विषय झाला, यात मोजणार काय? त्यापेक्षा असं विचारा: कच्च्या केळ्यांसोबत पिशवीत एक पिकलेलं केळं ठेवलं तर ती किती दिवस आधी पिवळी होतात? आता बदलायची गोष्ट एकच, पिकलेलं केळं आहे की नाही, आणि मोजायचीही एकच, दिवस. हेच तुमचे दोन व्हेरिएबल. पिकलेल्या फळातून इथिलीन गॅस निघतो आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो, म्हणून अंदाज काय ते सुरू करायच्या आधीच वहीत लिहा.

खरी मेहनत बाकी सगळं सारखं ठेवण्यात आहे, बरेच प्रोजेक्ट इथेच फसतात. केळी एकाच फणीतली घ्या, कारण घडातली वरची फणी खालच्यापेक्षा आधी तयार होते, मग फरक गॅसचा की फणीचा हे कळणारच नाही. पिशव्या सारख्या, खोली एकच, प्रत्येकीत तीन-चार तरी कच्ची केळी. आणि हे थंडीतच करा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोली 30 अंशांच्या वर गेली की केळं आतून मऊ पडतं तरी साल हिरवटच राहते, मग पिवळं कधी झालं ते लिहिणार कसं? फ्रिजही नको, साधारण 13 अंशांच्या खाली साल काळवंडते.

एक तिसरी पिशवी नक्की लावा, तिच्यात पिकलेल्या केळ्याऐवजी बटाटा. परीक्षक विचारतातच की पिशवीत आणखी एक वस्तू कोंबली म्हणून तर झालं नाही ना? बटाट्यातून इथिलीन अगदीच कमी निघतो, त्यामुळे उत्तर तिथेच मिळतं.

"पिवळं" म्हणजे किती तेही आधी ठरवा. केळीच्या धंद्यात सालीच्या रंगाला 1 ते 7 नंबर देतात, 1 पूर्ण हिरवं, 6 पूर्ण पिवळं, 7 ला तपकिरी ठिपके. रोज ठरलेल्या वेळी, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून नंबर लिहा.

कार्बाइड मात्र आणू नका, त्याने फळं पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. आणि मधेच केळ्याऐवजी टोमॅटो ठेवून बघावंसं वाटलं तर त्याचा वेगळा सेट लावा, पहिल्यात घुसडू नका.