इंदूरहून महासागरी शर्यतीला निघताय? बोटीवर या चुका टाळा

शर्यतीची तयारी म्हटली की आपल्याकडे माणूस जिम आणि पोहण्याचा क्लास लावतो. दोन्ही चांगलेच, पण यॉटवर, म्हणजे शिडाच्या शर्यतीच्या बोटीवर, नवख्याचे हाल डेकपेक्षा डेकखाली जास्त होतात. क्लिपर राउंड द वर्ल्ड ही शर्यत १९९६ पासून हौशी लोकांसाठीच चालते. अनुभव नसला तरी पैसे भरून, सक्तीचे चार टप्प्यांचे प्रशिक्षण घेऊन सत्तर फुटी बोटीवर जाता येते. पूर्ण फेरी सुमारे ४०,००० सागरी मैलांची असते, पण एखादाच टप्पाही करता येतो. (ती सुरू करणारे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ मध्ये ज्या ‘सुहेली’ नावाच्या बोटीतून एकट्याने, न थांबता जग फिरून आले, ती मुंबईत बांधलेली होती.)

सगळ्यात महागात पडते ती झोपेची चूक. बोट चोवीस तास चालते, म्हणून माणसे दोन पाळ्यांत वाटलेली असतात. साधारणपणे दिवसा सहा-सहा तास आणि रात्री चार-चार तास. त्या चार तासांतून ओले कपडे उतरवणे, काहीतरी खाणे आणि पुन्हा तयार होणे वजा केले की हाती जेमतेम तीन तास उरतात. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत उभे राहून गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्या इंदूरकराला पहिली मध्यरात्रीची पाळी सोपी वाटते. मग तो सुटीच्या वेळी गप्पा मारत बसतो आणि चौथ्या दिवशी सुकाणूवर पेंगतो. पाळी संपली की थेट बंकात, म्हणजे झोपायच्या फळीवर, शिरा. बंक बहुधा दोघांत एकच असतो, म्हणून उठताना आपली स्लीपिंग बॅग आवरून ठेवा. आणि पाळीवर दहा मिनिटे आधीच हजर व्हा. तुमची पाच मिनिटांची दिरंगाई वर गारठलेल्या माणसाला भोगावी लागते, आणि ती तो विसरत नाही.

बोट लागली की गोळी घेऊ, ही दुसरी चूक. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा, आणि कोणती गोळी किती गुंगी आणते ते घरी असतानाच पाहून ठेवा. तरीही लागलीच, तर वर या, क्षितिजाकडे पाहा, कुणी दिलेच तर सुकाणू हातात घ्या. तेही जमत नसेल तर सरळ आडवे व्हा. ओआरएस घोटघोट पीत राहा. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत बरे वाटते. मात्र ओकारी आली म्हणून हार्नेसचा (बोटीला बांधून ठेवणारा) पट्टा न अडकवता कठड्याकडे धावू नका. बादली वापरा, कुणी हसत नाही.

कपडे नेताना सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. सुती कपडा भिजला की वाळत नाही, आणि मीठ हवेतला ओलावा ओढत राहते. कमरेला, मनगटांना, बसण्याच्या जागी फोड येतात. आलेच तर गोड्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने जागा पुसा, पूर्ण कोरडी करा, मलम लावा आणि कोरडी अंतर्वस्त्रे घाला. एक कपड्यांचा जोड पिशवीत हवाबंद ठेवा, तो फक्त झोपताना वापरायचा. किंचित दमट मोजे स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी धरले तर अंगाच्या उबेने सुकतात.

संडासाबद्दल थोडक्यात: बसूनच वापरा, पुरुषांनीही. तुंबला तर बहुधा कुणीतरी त्यात नको ते टाकलेले असते, आणि तो मोकळा करायचे काम आळीपाळीने सगळ्यांवर येते. वापरानंतर त्याची झडप बंद करायला विसरलात तर समुद्र आत येऊ शकतो.

स्वयंपाकाची पाळी आली की उघड्या पायांनी शेगडीजवळ उभे राहू नका. बोट कलली की शेगडी झुलून सपाट राहते, पण हातातले भांडे तुमच्याबरोबर कलते. उष्ण पट्ट्यातही जलरोधक पँट घालूनच उकळते पाणी हाताळा.

शेव नक्की न्या, पण किलोभर एकाच डब्यात नको. एकदा उघडला की दमट हवेत ती मऊ पडते. छोटी हवाबंद पाकिटे करा, आणि तीही वजनाची मर्यादा कप्तानाला विचारूनच.