लेखकाची मुलाखत: आधी पुस्तक, मग माइक

मी इंदूरहून मराठी लेखकांच्या मुलाखतींचा पॉडकास्ट करते. घर राजेंद्रनगरात, पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे, नागपूरचे, कधी कोकणातले. ऐकणारे पुष्कळसे आपल्या माळव्यातले: घरात मराठी बोलणारे, पण शाळा हिंदी किंवा इंग्रजीतून झालेली, त्यामुळे मराठी कादंबरी हातात घ्यायला बिचकणारे. इंदूरला साहित्य संमेलन 1917, 1935 आणि 2001 साली झालं. म्हणजे लिहिणारी माणसं एकगठ्ठा आपल्या गावी यायला इथे पिढी उलटावी लागते. आता खोलीत बसून दर महिन्याला एका लेखकाशी तासभर बोलता येतं. तुम्हाला हे करायचं असेल, मग तुम्ही ग्वाल्हेरचे असा नाहीतर बडोद्याचे, मी कसं करते ते सांगते.

पहिली गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी: एका भागाला एकच पुस्तक. लेखकाचा जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार हे सगळं दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हा. तासभर बोलायचं ते त्या पुस्तकावर. आणि ते पुस्तक विकत घ्या. लेखकाकडे प्रत मागू नका. मराठीत लिहून कुणी श्रीमंत होत नाही, आणि आपण त्यांचा तास फुकट घेणार असतो. नवीन पुस्तकं मी पुण्याहून टपालाने मागवते. लेखकाची आधीची, जुनी पुस्तकं मात्र आधी इथल्या, इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेच्या ग्रंथालयात शोधते.

पुस्तक दोनदा वाचायचं. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता, साध्या वाचकासारखं. मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्यायचे. मग दुसऱ्यांदा, कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन. जिथे मी थांबले, मागे जाऊन पुन्हा वाचलं, चिडले किंवा मला काही कळलं नाही, तिथे चिठ्ठी. प्रश्न या चिठ्ठ्यांतूनच निघतात. समजा एका कादंबरीत थोरली सून घर सोडून जायला निघते आणि जाताना देवघरातली तेलाची बाटली भरून ठेवते. प्रश्न असा: ‘पान 64वर ती बाटली भरते. हे पहिल्या खर्ड्यात होतं, की नंतर आलं?’ असा प्रश्न आला की लेखक खुर्चीत सरळ होऊन बसतो. समोरच्याने खरंच वाचलंय हे त्याला कळतं, आणि मग तो त्या सुनेची आठ पानं कशी कापून टाकली तेही सांगतो. ‘लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?’ याचं उत्तर प्रत्येक लेखकाने शंभरदा दिलेलं असतं. ते पाठ झालेलं असतं आणि ऐकू येतंही तसंच.

कवी असेल तर ओळ जिथे तुटते तिथलं विचारा, आणि संग्रहात कवितांचा क्रम असाच का लावला तेही. अनुवादक असेल तर सगळ्यात जास्त वेळा बदललेला परिच्छेद विचारा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं अफाट असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. आत्मकथन असेल तर जपून. पुस्तकात जे आहे तेवढ्यावरच बोला. पुस्तकात नसलेला नवरा, भाऊ, गाव ओढून आणू नका.

आठ ते दहा प्रश्न लिहून ठेवते, पण पाहुण्याला पाठवत नाही. पाठवते ते फक्त विषय: या तीन प्रकरणांवर बोलू, त्यातला एक उतारा तुम्ही वाचाल. प्रश्न आधी गेले की लोक उत्तरं लिहून आणतात आणि वाचून दाखवतात. मात्र आदल्या आठवड्यात दहा मिनिटं फोन जरूर करते. कुणाला ऐकायला कमी येतं, कुणाला दुपारी झोप लागते, हे तिथे कळतं. संबोधनही तिथेच ठरवून घ्या. बायकांना ‘मॅडम’ म्हणू की ‘ताई’, ज्येष्ठांना ‘सर’ की आडनावापुढे ‘जी’, हे त्यांनाच विचारा. लेखक तुमचा वर्गमित्र असला तरी माइकसमोर अहो-जाहोच करा. अरे-तुरेने ऐकणारा बाहेर उभा राहतो. तुमची स्वतःची मराठी मात्र घरी बोलता तीच ठेवा. माळव्याचा हेल लपवायचं काही कारण नाही.

उतारा दोन-तीन मिनिटांचा, आणि मुलाखतीच्या सुरुवातीच्या पाव तासातच. वाचताना लेखकाचा आवाज खाली बसतो, श्वास लयीला लागतो, पुढचं बोलणं सोपं जातं. इथे हक्कांचा प्रश्न येतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी थोडं उद्धृत करायची मुभा आहे, पण आठ ओळींची कविता अख्खी वाचली तर ती संपूर्ण कृती झाली. आणि पुष्कळ करारांत ध्वनी हक्क प्रकाशकाकडे गेलेले असतात, लेखकालाही ते आठवत नसतं. म्हणून कुठला उतारा, किती पानं, कुठे ऐकवणार हे लिहून लेखक आणि प्रकाशक दोघांची ईमेलवर संमती घ्या. चार ओळींचं काम आहे.

आता आवाज. भारी यंत्रांच्या मागे लागू नका. साधी खोली असेल तर बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सर माइकपेक्षा डायनॅमिक माइक बरा. तो समोरचं घेतो, गल्लीतलं कमी घेतो. तोंडापासून मूठभर अंतर, आणि माइक ओठांच्या थेट समोर न धरता जरासा बाजूला, म्हणजे प-फचे फटके बसत नाहीत. मी साड्यांच्या कपाटाची दारं उघडून त्याच्यासमोर बसते. गाद्या, रजया, पडदे, सगळं कामाचं. पंखा बंद. मे महिन्यात इंदुरात पंखा बंद करून तासभर बसणं ही शिक्षा आहे, त्यामुळे उन्हाळ्यात रात्री नऊनंतर. सकाळ नकोच: नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत येते, तिचं कौतुक आहेच, पण ती मुलाखतीत नको. रंगपंचमी, गणपती, अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (मिरवणुकीतले चित्ररथ), लग्नांचे मुहूर्त हे कॅलेंडरवर आधी खुणा करून ठेवा. फ्रीज बंद करायचा असेल तर घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत सुरू करायचं विसरत नाही. शेवटी अर्धा मिनिट कुणीच न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. संपादनात दोन तुकडे जोडताना ती लागते.

पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर कॉलवरचा आवाज थेट वापरू नका. इंटरनेटवरून येताना तो दाबला जातो, अधूनमधून तुटतो. दोघांनीही आपापल्या जागी आपापला आवाज रेकॉर्ड करायचा आणि नंतर जोडायचा. लेखकाला सांगा: बोलणं लॅपटॉपवर, कानात वायरचे इअरफोन, आणि फोन विमान मोडवर टाकून, रेकॉर्डर चालू करून, पुस्तकाच्या थप्पीवर तोंडाजवळ ठेवा. सुरुवातीला दोघांनी एकदम एक टाळी वाजवायची. त्या टाळीवर दोन्ही फायली जुळतात. ज्येष्ठ लेखकांच्या घरी नातू-नात असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवा, फार उत्साहाने करतात. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 48 किलोहर्ट्झ, 24 बिट आणि वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी) फाइल निवडा. दोन माणसांचा तासभर साधारण 1 जीबी होतो, तेवढी जागा आधी मोकळी हवी.

मुलाखत चालू असताना तुमचं काम गप्प राहण्याचं आहे. उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात तीन अंक मोजा. पुष्कळदा खरं उत्तर त्यानंतर येतं: ‘आणि खरं सांगू का…’ ‘हो हो’, ‘अगदी बरोबर’, ‘वा’ हे सगळं मानेने करा, आवाजाने नको. लेखक एखाद्या जिवंत माणसाबद्दल काही बोलून गेले आणि चेहऱ्यावर पस्तावा दिसला, तर तिथेच विचारा, हे ठेवू का? मी प्रत्येकाला शब्द देते की दोन दिवसांच्या आत सांगाल ते खासगी वाक्य निघेल. संपूर्ण भाग मंजुरीसाठी मात्र पाठवत नाही, नाहीतर त्यातला जीवच जातो.

संपादन ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये, फुकटात होतं. खोकला, फोनची थरथर, तीनदा सुरू केलेलं वाक्य एवढं काढा. शब्द शोधताना लेखक जो थांबतो, तो थांबा ठेवा. आवाजाची पातळी उणे 16 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) ठेवा, पॉडकास्टसाठी अ‍ॅपलची शिफारस तीच आहे.

भागाखाली पुस्तकाचं नाव, प्रकाशन, आवृत्ती, किंमत, बोलण्यात आलेले पान क्रमांक आणि पुस्तक कुठे मिळेल ते लिहा. लेखकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही. आपली मुलं रोमनमध्येच शोधतात. आठवड्याने ऐकणाऱ्यांचे प्रश्न एकत्र करून लेखकाला पाठवा. त्यांचं उत्तर आलं तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला, प्रश्न विचारणाऱ्याच्या गावाचं नाव घेऊन, वाचून दाखवा.