'सान' लावलं की झालं? जपानी माणसाला हाक मारताना या चुका टाळा

सान म्हणजे जपानीत नावामागे लागणारं आपलं 'जी' किंवा 'साहेब'. जपानी ऑफिसात माझा पहिला घोळ फोनवर झाला. बाहेरून कुणीतरी आमच्या मॅनेजरना विचारत होतं, त्यांचं नाव समजा तानाका, आणि मी पुण्यात क्लासला शिकलेलं सगळं आठवून अगदी अदबीने "तानाका-सान वा इमा इमासेन" (तानाका-सान आत्ता नाहीत) म्हणून मोकळा. फोन ठेवल्यावर शेजारची सिनियर हळूच म्हणाली, बाहेरच्यांशी बोलताना आपल्या माणसाला सान नाही लावायचं. नुसतं "तानाका वा तादाइमा सेकी ओ हाझुशिते ओरिमासु", म्हणजे तानाका आत्ता जागेवर नाही. बॉसचं असं नुसतं आडनाव घ्यायला माझी जीभच वळेना, आपल्याकडे "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हीच सवय ना. पण तिथे समोरचा बाहेरचा असला की बॉसही 'आपला' होतो, आणि आपल्या माणसाला आपणच मान द्यायचा नसतो. फोन ठेवला की ते परत तानाका-सान, किंवा हुद्द्याने काचो (सेक्शनचा प्रमुख), बुचो (विभागप्रमुख). घरातही तेच, आपली आई दुसऱ्याला सांगताना हाहा (हो, हाहाच) आणि दुसऱ्याची आई ओकासान.

म्हणूनच "वाताशी वा कुलकर्णी-सान देसु" पण चूक, स्वतःला सान लावणं म्हणजे "मी कुलकर्णी साहेब बोलतोय" म्हणण्यासारखं.

दुसरा सापळा म्हणजे जपानी सहकारी आपल्याला प्रिया-सान, राहुल-सान म्हणतात म्हणून आपणही केंजी-सान सुरू करतो. नको. ऑफिसात आडनावच, त्यांनी स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. इंग्रजी कार्डावर मात्र आडनाव कुठलं ते नीट बघा, 2020 पासून सरकारी कागदांवर आडनाव आधी येतं पण बऱ्याच कंपन्या अजून शेवटी लिहितात.

आनाता. पुस्तकात अर्थ 'तुम्ही', पण तोंडावर कुणाला म्हटलं तर खटकतं, वरिष्ठांना तर नकोच. नाव घ्या नाहीतर कर्ता गाळा, जपानीत चालतं. गंमत म्हणजे बायको नवऱ्याला "आनाता" म्हणते तेव्हा ते जवळजवळ आपलं "अहो" असतं, आता विचार करा क्लायंटला काय म्हणत होतात.

अ‍ॅनिमे बघून आलेल्यांनी सानच्या जागी लागणारे चान आणि कुन जपून वापरा. चान लहान मुलांना, घरच्यांना, जवळच्या मैत्रिणींना. कुन बहुतेक मुलांना नाहीतर हाताखालच्यांना (संसदेत अध्यक्ष खासदारांनाही कुन म्हणतात, ते सोडा). सेन्सेइला (शिक्षक, डॉक्टर वगैरेंना म्हणतात ते) पुढे सान लागत नाही.

ईमेलमध्ये माणसाला सामा (सानपेक्षा जास्त मानाचं), कंपनीला किंवा विभागाला ओन्चू, दोन्ही एकत्र नाही. बुचो-सामा पण नाही, हुद्दा आधी, मग आडनाव आणि सामा. आणि छापील उत्तराच्या पोस्टकार्डावर त्यांच्या नावाखाली 行 (नुसतं 'यांना', मान न देणारं) असतं, त्यावर दोन रेघा मारून शेजारी 様 (सामा) लिहायचं, कंपनी असेल तर 御中 (ओन्चू).

तरी चुकलंच तर "शित्सुरेइ शिमाशिता" (माफ करा, चुकलं) म्हणा, बरोबर हाक मारा आणि पुढचं बोला. मी एकदा पाच मिनिटं माफी मागत बसलो, समोरचा बिचारा जास्त अवघडला.