सड्यावरची रानफुले हलवताना या चुका टाळा

कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, चिऱ्याच्या खाणीसाठी किंवा बांधकामासाठी जेसीबी येणार असे कळले की आपण कुदळ घेऊन फुललेल्या झाडांकडे धावतो, आणि पहिली चूक तिथेच घडते. ऐन श्रावणात फुललेली कळलावीची वेल त्या वेळी जुन्या कंदातला साठा संपवत असते आणि तिचा पुढच्या वर्षीचा कंद अजून भरायचा असतो. म्हणून फुलांच्या दिवसांत फक्त ओळख पटवून शेजारी रंगवलेली खुंटी ठोकावी आणि पाने पिवळी पडल्यावर, साधारण दसऱ्यानंतर, खणावे. खुंटी नसेल तर वाळलेल्या गवतात ती जागा पुन्हा सापडत नाही. काम त्याआधीच सुरू होणार असेल तर मात्र मुळाभोवतीचा मातीचा गड्डा शक्य तेवढा मोठा ठेवून झाड उचलावे.

वेल धरून ओढणे ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी. कळलावीचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला आणि ठिसूळ असतो. त्याचा डोळा फक्त टोकाला असतो, त्यामुळे टोक मोडले की उरलेला तुकडा कितीही जाड असला तरी त्याला कोंब येत नाही. मी स्वतः असे दोन कंद गमावले आहेत आणि त्याची खंत अजून वाटते. खोडापासून वीतभर अंतरावर गोल चर खणून खुरप्याने बाजूने आत जावे. हा कंद विषारी असल्यामुळे हातमोजे घालावेत आणि तो मुलांच्या, गुराढोरांच्या वाटेत ठेवू नये.

प्रत्येक झाड हलवण्याचा हट्टही नको. जुन्या भुईकोहळ्याचा कंद जांभ्याच्या भेगांत खोल शिरलेला असतो आणि तो अखंड निघणे जवळपास अशक्य असते. तिथे वाळलेल्या शेंगांतले बी आणि जवळपासची लहान रोपे वाचवणे अधिक शहाणपणाचे ठरते. तेरडा, सोनकी, कवला ही तर वर्षायू झाडे आहेत. त्यांचे पिकलेले बी आणि वरची बोटभर माती गोणपाटात भरून न्यावी.

नव्या जागी लाडाने शेणखत घालणे कंदाच्या जिवावर बेतते. सड्यावरची माती उथळ, निकृष्ट आणि पाणी न धरणारी असते, तिची सवय झालेला कंद कसदार, ओलसर मातीत कुजतो. मूळ जागेची माती आणि मुरूम सोबत आणावा; जमिनीत वाढणाऱ्या आमरींना (ऑर्किडना) तर त्या मातीतल्या बुरशीची साथ लागतेच. कंद पूर्वीच्याच खोलीवर लावावा, आणि पाने झडल्यापासून पहिल्या पावसापर्यंत त्याला पाणी देऊ नये.

जागामालकाची, आणि जमीन वनखात्याची असल्यास त्या खात्याची, लेखी परवानगी घ्यावी. जिथे काम होणार नाही तिथले एकही झाड उपटू नये, आणि वाचवलेले झाड शक्यतो त्याच परिसरातल्या सुरक्षित सड्यावर न्यावे.

पहिल्या पावसाळ्यात कोंब दिसला नाही म्हणून उकरून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. जागेवरून हललेला कंद कधी कधी एक वर्ष जमिनीखालीच काढतो, तेव्हा खुंटी तशीच ठेवून दुसऱ्या वर्षीच्या मृगापर्यंत थांबावे.