निरोप जसाच्या तसा: आपत्तीच्या काळात हॅम केंद्र कसे उभारावे आणि चालवावे

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. या दोन्ही वेळी विजेपाठोपाठ मोबाइलही बंद पडले. यात आश्चर्य काही नव्हते. मनोऱ्याखालच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात, पुढे जनित्राला लागणारे डिझेल पोहोचवायचे तर रस्ता हवा, आणि तोच रस्ता खचला की त्याच्या कडेने टाकलेली ऑप्टिकल फायबरही तुटते. हौशी रेडिओचालकाच्या, म्हणजेच हॅमच्या केंद्राला यांपैकी कशाचीही गरज नसते. दोन्ही टोकांना एकेक रेडिओ, एकेक बॅटरी, पुरेशी तार आणि काम जाणणारा माणूस एवढ्यावर संपर्क उभा राहतो. भूजच्या भूकंपात (२६ जानेवारी २००१) दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा देशभरातील हॅम याच बळावर कामाला लागले होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरमध्ये दूरदेशीच्या हॅमशी संपर्क साधण्याच्या मोहिमेवर होत्या. ती मोहीम तिथेच थांबवून त्यांनी अंदमान आणि मुख्य भूमी यांच्यातील निरोपांची देवाणघेवाण सुरू केली.

मात्र पहिला मान पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेचा आणि उपग्रह फोनचा असतो, हे हॅमने मनाशी पक्के धरावे. त्या यंत्रणा अपुऱ्या पडतात किंवा पोहोचलेल्याच नसतात, तिथे आपले काम सुरू होते. ते काम बचावाचे नाही आणि बातमीदारीचेही नाही. एका जबाबदार अधिकाऱ्याने लिहिलेला निरोप दुसऱ्या जबाबदार अधिकाऱ्याच्या हातात एकही शब्द न बदलता पडावा, इतकेच ते काम आहे, आणि या लेखातील प्रत्येक सूचना त्यासाठीच आहे.

परवाना आणि कायद्याची चौकट

परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) शाखेकडून मिळतो. वयाची बारा वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू३ ने आणि जनरल श्रेणीला व्हीयू२ ने सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे हवेतले ओळखनाव, मिळते. जनरल श्रेणीसाठी मोर्स लिपीचीही परीक्षा द्यावी लागते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकी-टॉकी घेऊन परवान्याविना प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, आणि आपत्तीत तो घातकही ठरतो, कारण अशा माणसाला कुठे गप्प बसायचे हे ठाऊक नसते.

याहून महत्त्वाचा नियम बहुतेक नवे हॅम परीक्षेनंतर विसरतात. एरवी हॅमला तिऱ्हाइताचा निरोप पोहोचवता येत नाही. १९७८ च्या हौशी रेडिओ सेवेच्या नियमांनी त्याला एकच मोठा अपवाद ठेवला आहे. नेहमीची दूरसंचार साधने बंद पडली असतील आणि निरोप भूकंप, पूर, चक्रीवादळ किंवा मोठ्या आगीसारख्या आपत्तीबद्दल असेल, तर तो हाताळता येतो. त्यातही तो जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून निघालेला आणि तशाच अधिकाऱ्यासाठी असावा लागतो. म्हणून पूर आल्यावर रेडिओ पाठीवर टाकून परस्पर निघू नये. मे महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका होतात. तेव्हाच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांना भेटून आपल्या गटातील परवानाधारकांची नावे, कॉलसाइन आणि यंत्रांची यादी लेखी द्यावी, आणि बोलावणे कोणी व कोणत्या मार्गाने करायचे हे ठरवून घ्यावे. नियंत्रण कक्षात अँटेनाची केबल कोणत्या खिडकीतून आत घ्यायची, हेही त्याच दिवशी पाहून ठेवावे. बैठकीत क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट भर पावसात तासभर खाते.

सह्याद्रीच्या पायथ्याशी अँटेना

नव्या हॅमकडे बहुधा दोन मीटरचा, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा पाच वॅटचा हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ, असतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे डोंगराचा पायथा आणि समोर दिसणारी वरची वस्ती यांच्यात हँडी उत्तम चालतो. इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी पायथ्याचे केंद्र आणि वरचे पथक यांना जोडायला त्याहून सोयीचे साधन नाही. पण पोलादपूरच्या खोऱ्यातून अलिबागच्या नियंत्रण कक्षाशी बोलायचे असेल, तर मधले डोंगर हँडीचा आवाज अडवतात. घाटमाथ्यावर निरोप पुढे देणारा एखादा हॅम बसवता येतो, परंतु भर पावसात तिथे पोहोचणे आणि टिकून राहणे दोन्ही अवघड असते.

त्यासाठी ७ मेगाहर्ट्झचा चाळीस मीटर बँड आहे, आणि त्याची तार मुद्दाम खाली बांधायची आहे. दूरदेशी बोलायचे असते तेव्हा हॅम डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन हातांची तार, शक्य तितका उंच टांगतो, कारण उंच तार आपली शक्ती क्षितिजाकडे फेकते. तीच तार जमिनीपासून तीन ते पाच मीटरवर आडवी ताणली की शक्ती जवळजवळ सरळ डोक्यावर जाते, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थरातून, परत फिरते आणि पावसाच्या सरीसारखी आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात सगळीकडे पडते. डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे ती सारखीच पोहोचते. पोलादपूर ते अलिबाग हे शंभरेक किलोमीटरचे हवाई अंतर अशा तारेला अगदी सोपे आहे.

तारेची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती साधारण २०.१ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटरचा हात. तार कापताना अर्धा मीटर जास्त ठेवावी आणि एसडब्ल्यूआर (तारेकडून रेडिओकडे किती शक्ती परत येते याचे माप) पाहत दोन्ही टोके सारखी कमी करत जावी. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून चालतात, आणि टेकूला बांबू गावोगावी मिळतो. दोरी नायलॉनची घ्यावी, कारण सुती दोरी भिजली की आकसते आणि वाळली की सैल पडते. केबलचा जोड ही पावसातील सर्वांत कच्ची जागा असते. तिथे आधी रबरी टेप ताणून गुंडाळावी, वर इन्सुलेशन टेप लावावी आणि केबलला जोडाच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. वीजवाहिनीच्या जवळपास तार कधीही ताणू नये. आज मृत असलेली वाहिनी दुरुस्ती पथक कोणत्याही क्षणी सुरू करू शकते. गडगडाट सुरू झाला की केबल रेडिओतून काढून इमारतीबाहेर टाकावी आणि तितका वेळ संपर्क बंद ठेवावा.

रात्री एक अडचण हमखास येते. आयनांबर विरळ होत जाते आणि सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर परत न फिरता पार निघून जाते. अशा वेळी केरळ आणि दिल्लीची केंद्रे खणखणीत ऐकू येतात, पण शेजारचा जिल्हा ऐकू येत नाही. नवखा चालक मग रेडिओ बिघडला असे समजून तो खोलून बसतो. खरा उपाय ३.५ मेगाहर्ट्झच्या ऐंशी मीटर बँडवर उतरणे हा आहे, आणि त्यासाठी प्रत्येकी वीस मीटर हातांची दुसरी तार आधीच कापून सोबत ठेवावी. पावसाळ्यात या बँडवर विजांची खरखर फार असते. आवाज त्यात बुडून जातो तेव्हा मोर्सचा टिपेचा सूर तरीही वाचता येतो, म्हणून आपत्तीच्या कामात उतरणाऱ्याने मोर्स शिकावेच असे माझे ठाम मत आहे. बँड बदलण्याची वेळ आणि दोन्ही वारंवारिता संपर्क चांगला असतानाच ठरवून घ्याव्यात. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाने आपल्या विभागासाठी ३.६००, ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झ ही आणीबाणीच्या कामाची केंद्रे सुचवली आहेत. तिथे काम चालू असल्याची शंका आली तरी आपली हौस दूर ठेवावी.

बॅटरीचा हिशेब

शंभर वॅटचा रेडिओ पूर्ण शक्तीने बोलताना वीसेक अँपिअर ओढतो. जिल्ह्यापुरत्या संपर्काला वीस-पंचवीस वॅट पुष्कळ होतात. समजा, त्या शक्तीला बोलताना १० अँपिअर आणि ऐकताना १.२ अँपिअर लागतात, आणि आपण वेळेच्या दहावा भागच बोलतो. सरासरी सुमारे २.१ अँपिअर येते. साध्या ४० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच शक्ती काढायची ठरवली, तर साडेनऊ तास मिळतात. म्हणजे एक बॅटरी वापरात आणि दुसरी सौर पॅनेलवर किंवा गाडीवर चार्ज होत, अशी जोडी लागते. रेडिओ थेट बॅटरीवर चालवावा. मध्ये इन्व्हर्टर घातल्यास शक्ती वाया जाते आणि त्याचा गोंगाट कमजोर संदेश गिळतो.

निरोप लिहिणे, पाठवणे, घेणे

निरोप आधी कागदावर येतो, मगच हवेत जातो. अधिकारी घाईत तोंडी सांगू लागले, तरी नम्रपणे कागद पुढे करावा आणि खाली त्यांचे नाव, पदनाम व सही घ्यावी. त्यानंतर वर शीर्षक भरावे: निरोपाचा क्रमांक, प्राधान्य, उगम केंद्राचे कॉलसाइन, मजकुरातील शब्दांची संख्या, ठिकाण, वेळ आणि तारीख. प्राधान्य जीविताशी निगडित, तातडीचे, ख्यालीखुशालीचे आणि सामान्य अशा उतरत्या क्रमाने असावे, आणि ते अधिकाऱ्याने ठरवावे, चालकाने नाही.

एक नमुना पाहू. तहसीलदारांकडून नियंत्रण कक्षाला जाणारा मजकूर असा आहे: “शाळेत ४३ जण आश्रयाला. एका गर्भवतीस तातडीने हलवणे आवश्यक. रस्ता दोन ठिकाणी खचला. पिण्याचे पाणी उद्या सकाळपर्यंत पुरेल.” हे अठरा शब्द झाले, आणि शीर्षकात १८ हा आकडा जातो. घेणारा चालक मजकूर उतरवून झाल्यावर शब्द मोजतो. सतरा भरले, तर एक शब्द खरखरीत हरवला हे त्याला लगेच कळते आणि तो “रस्ता या शब्दानंतरचे पुन्हा सांगा” असे नेमके मागतो. हरवलेला शब्द “दोन” असेल, तर अलिबागमध्ये बसलेला अधिकारी एकच जेसीबी पाठवील. शब्द मोजण्याचा कंटाळा करू नये, तो याचसाठी.

पाठवताना लिहिण्याच्या गतीने बोलावे. चार-पाच शब्द झाले की थांबावे आणि बटण सोडावे, म्हणजे मध्येच कोणाला जीविताचा निरोप द्यायचा असेल तर त्याला “ब्रेक” म्हणता येते. मराठीतील संख्यांची विशेष काळजी घ्यावी. एकोणपन्नास, एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत सारखेच ऐकू येतात, त्रेपन्न आणि चोपन्न यांचीही तीच गत. म्हणून “त्रेचाळीस, आकडे चार, तीन” असे सांगावे. गावाचे नाव एकट्याने कधीही पाठवू नये. शिरगाव चिपळूण तालुक्यात आहे, देवगडात आहे, मावळातही आहे. गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही हवेत. चुकीच्या शिरगावला निघालेली बोट परत फिरवायला दुसरा निरोप लागतो, आणि तोपर्यंत अंधार पडलेला असतो.

घेणाऱ्याने संपूर्ण निरोप वाचून दाखवावा आणि पाठवणाऱ्याने “बरोबर” म्हटल्यावरच क्यूएसएल, म्हणजे निरोप मिळाल्याची पोच, द्यावे. त्यानंतर कागद नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्याच्या हातात देऊन वेळ लिहून घ्यावी. क्यूएसएल मिळाले म्हणजे निरोप पोहोचला असे नव्हे. टेबलावर पडून राहिलेला कागद न पाठवल्यासारखाच असतो.

हॅमला गुप्त भाषा वापरण्याची मुभा नाही आणि आपले बोलणे साध्या रिसीव्हरवर कोणीही ऐकू शकतो. त्यामुळे मृतांची नावे हवेत जाऊ देऊ नयेत. संख्या पाठवावी आणि नावांची यादी दुसऱ्या मार्गाने जावी, असे अधिकाऱ्यांना आधीच सुचवावे. घरच्यांना ती बातमी रेडिओवरून, परक्याच्या तोंडून कळणे फार क्रूर आहे.

नेटवरील शिस्त

अनेक केंद्रे एका वारंवारितेवर असली की त्यांचे मिळून नेट होते; ते एकच केंद्र चालवते, आणि बाकीच्यांनी त्याने बोलावल्याशिवाय बोलायचे नसते. नव्याने येणाऱ्याने आधी पाच मिनिटे ऐकावे, मोकळी जागा मिळताच कॉलसाइन, ठिकाण आणि हाती किती निरोप आहेत एवढेच सांगावे. निरोप नसतील तर ऐकत राहणे हीदेखील सेवाच आहे, कारण दोन केंद्रांना एकमेकांचा आवाज पोहोचत नसतो तेव्हा मधल्या कोणालातरी तो पुढे द्यावा लागतो. “धरण फुटले म्हणे” अशा स्वरूपाचे काहीही हवेत जाता कामा नये. स्वतः पाहिलेले आणि अधिकाऱ्याने लिहून दिलेले यापलीकडे हॅमकडे बातमी नसते.

प्रत्येक केंद्रावर दोघे असावेत, एक बोलणारा आणि एक लिहिणारा, आणि दर काही तासांनी त्यांची अदलाबदल व्हावी. थकलेला माणूस शब्द गाळतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. हा सगळा सराव दर रविवारच्या नेटवर खोट्या निरोपांनी करता येतो. गटातील सर्वांत नवख्या हॅमला नेट चालवायला द्यावे, आणि महिन्यातून एकदा घरची वीज बंद ठेवून बॅटरीवर, मोकळ्या मैदानात, तार स्वतः बांधून काम करावे.

नेहमीची साधने सुरू झाली की नियंत्रण कक्षाला विचारून केंद्र बंद करावे, परस्पर नाही. लॉगबुक आणि निरोपांचे मूळ कागद क्रमाने लावून ठेवावेत, कारण तिऱ्हाइतांचे निरोप हाताळल्याची लेखी माहिती शक्य तितक्या लवकर केंद्र सरकारला कळवणे परवानाधारकावर बंधनकारक आहे. केबलचे जोड उघडून वाळवावेत, बॅटऱ्या पूर्ण चार्ज कराव्यात, आणि जे निरोप उशिरा पोहोचले किंवा चुकले त्यांचे कागद पुढच्या रविवारच्या नेटवर सरावाला घ्यावेत.