रॅट मागण्याआधी : सिनॉप्सिस लिहिणाऱ्या एम. फार्म.च्या मुलामुलींसाठी

दिवाळी सरली की माझ्या टेबलावर सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचे आराखडे, यायला लागतात. अमुक झाडाच्या पानांचा अर्क, तमुक आजार, विस्टर रॅट (प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर), सहा-सहाचे सहा गट, एकूण ३६. झाड बदलतं, आजार बदलतो, ३६ काही बदलत नाहीत. मी कोल्हापुरात फार्माकॉलॉजी शिकवते आणि आमच्या कॉलेजच्या ॲनिमल एथिक्स कमिटीवर आहे. फॉर्म बी, म्हणजे जनावरं वापरायची परवानगी मागणारा अर्ज, समोर आला की जनावरं किती हे मी नंतर बघते. जनावराशिवाय हे काम का होणार नाही, त्याचं उत्तर आधी वाचते. बहुतेक वेळा तिथं एकच ओळ असते, ‘पर्याय उपलब्ध नाही.’ ती ओळ लिहायच्या आधी काय काय करून बघायचं, ते सांगते.

हे मी आधी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझ्या थीसिसला पंजाच्या सुजेचा प्रयोग होता. तळव्यात कॅराजिनन हे सूज आणणारं द्रव्य टोचायचं, सूज मोजायची, औषधाने ती किती उतरते ते बघायचं. ३० रॅट होते. पिंजऱ्यात हात घालून पहिले सहा कंट्रोलला (औषध न मिळणारा गट), पुढचे सहा स्टँडर्डला (माहीत असलेलं औषध मिळणारा गट), असे मी गट पाडले. निकाल छान आला. सेमिनारला एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, “गट कसे पाडले?” मी सांगितलं आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. हाताला आधी लागतो तो मंद रॅट, किंवा आजारी. चपळ असतात ते शेवटपर्यंत निसटतात. म्हणजे माझे गट मुळातच सारखे नव्हते. सगळं पुन्हा करावं लागलं, आणखी ३० रॅट घेऊन. पहिल्या ३० जनावरांच्या वेदनेतून कुणाला काहीच मिळालं नाही. ते मला आजही आठवतं.

रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या. आधी पर्याय शोधा, नाही मिळाला तर संख्या कमी करा, आणि जी जनावरं लागतीलच त्यांचा त्रास कमी करा. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. त्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेला आग्रह होता. जिथे पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी शिकवण्याचं काम भागतं तिथे जनावरांवरचे प्रयोग टाळावेत, हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. त्यामुळे बी. फार्म.च्या प्रॅक्टिकलला बेडूक का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर तिथे आहे. पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेमध्ये तयार झालेलं एक्सफार्म सॉफ्टवेअर वापरून ते प्रयोग संगणकावर होतात.

आता तुमचं काम. पहिला आठवडा फक्त वाचा. पबमेड (जर्नलांतल्या लेखांची ऑनलाइन यादी) बघाच, पण शोधगंगाही (भारतातल्या थीसिसचा ऑनलाइन साठा) बघा. आपल्याकडचं कितीतरी काम कुठल्याही जर्नलात येत नाही, ते थीसिसमध्येच राहतं. मागे एका मुलीला जांभळाच्या बियांचा मधुमेहावरचा परिणाम बघायचा होता. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन रॅटना मधुमेही करायचं आणि मग बियांची पूड द्यायची. हा प्रयोग इतक्या जणांनी केला आहे की तिची यादी चार दिवसांतच वहीत मावेना. मी तिला विचारलं, “तुला नक्की काय जाणून घ्यायचंय?” दोन दिवसांनी ती सांगत आली, घरी आजी बिया वर्षभर बरणीत ठेवते, त्या जुन्या बियांचा गुण टिकतो का? हा खरा प्रश्न होता. आणि त्याची पहिली पायरी परीक्षानळीत होते. ताज्या आणि जुन्या बियांचे अर्क अल्फा-ग्लुकोसायडेज या पिष्टाची साखर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) किती अडवतात, ते मोजायचं. एकही रॅट लागला नाही. प्रश्न धूसर असला की त्याची किंमत जनावर मोजतं, एवढं लक्षात ठेवा.

दम्यावरच्या किंवा पोटातल्या मुरड्यावरच्या औषधाचं काम असेल तर कोल्हापूरसारखं गाव नाही. इथं रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग असते. बोकड कापला जातोच, त्याची श्वासनळी बहुधा टाकून दिली जाते. आदल्या दिवशी दुकानात जाऊन सांगून ठेवायचं. आमचे दुकानदार मामा आता सवयीने विचारतात, “मॅडम, उद्या नरडं ठेवू का?” सकाळी थर्मासमध्ये गार क्रेब्स द्रावण (अवयव जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी) घेऊन जा. नळी कापल्या कापल्या त्यात टाका. पिशवीत कोरडी आणली तर स्नायू मरतो आणि मग दिवसभर आलेखाची सरळ रेघ बघत बसावं लागतं. प्रयोगशाळेत आल्यावर बाजूची चरबी हलक्या हाताने काढा, नळीच्या चकत्या करा, चार-पाच चकत्या दोऱ्याने एकीला एक बांधून साखळी करा. ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे अवयव टांगायच्या काचेच्या नळीत, ३७ अंशांवर, हवेचे बुडबुडे सोडून, अर्धा-पाऊण तास शांत राहू द्या. मधे मधे द्रावण बदला. ॲसिटिलकोलीन या स्नायू आकसवणाऱ्या द्रव्याने साखळी आकसली, की ती जिवंत आहे. मग हिस्टामिन, मग तुमचा अर्क. एका नळीत तीन-चार जणांचं काम होतं. गिनीपिगच्या आतड्याऐवजी कोंबडीचं आतडंही असंच वापरता येतं. डोळ्यात घालायच्या औषधाचं काम असेल तर बोकडाचे डोळे मागून घ्या, कॉर्नियातून औषध किती पार जातं ते त्यावर बघता येतं. एक सावधगिरी बाळगा. बोकडाचं वय, जात, त्याला दिलेली औषधं, यातलं काही आपल्याला माहीत नसतं. म्हणून कुठल्या डोसला साखळी किती आकसते याचा आलेख रोज नव्याने काढायचा, कालचा आजच्या कामाला चालत नाही.

कर्करोगाचं काम असेल तर पेशींपासून सुरू करा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, मिळतात. राधानगरीच्या बाजूला मिळणाऱ्या नरक्या या झाडातल्या कॅम्पटोथेसिनसारख्या कर्करोगविरोधी द्रव्याची धार एमटीटी चाचणीत (जिवंत उरलेल्या पेशी रंगावरून मोजायची चाचणी) दोन-तीन दिवसांत कळते. पण पेशी वाढवायला जो सीरम वापरतात तो गाभण गाईंच्या पोटातल्या वासरांचा असतो, हेही माहीत असू द्या. जमेल तिथे सीरमविरहित माध्यम किंवा मानवी प्लेटलेटचा अर्क वापरा. आणि फक्त डॉकिंगचं (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकावरचा अंदाज) रंगीत चित्र लावून ‘पर्याय वापरला’ असं लिहू नका. कुठला रेणू आधी तपासायचा ते डॉकिंगने ठरवता येतं, त्याने औषध सिद्ध होत नाही.

काही प्रश्न अजून पेशीत किंवा नळीत मावत नाहीत. गर्भावरचा परिणाम, महिनोन्महिने दिलेल्या डोसचा परिणाम, वागणुकीतला बदल. तिथे जनावर लागतं, आणि ते मी मान्य करते. पण मग संख्या हिशेबाने ठरवा. आधीच्या कामातून आकड्यांचा फैलाव माहीत असेल तर जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो घालून गणित करा. माहीत नसेल तर एक साधं सूत्र आहे. एकूण जनावरांतून गटांची संख्या वजा करा. उत्तर १० ते २० मध्ये हवं. सहा गटांत सहा-सहा, म्हणजे ३६ वजा ६, उत्तर ३०. जास्त झाले. चार-चार घेतले तर २४ वजा ६, उत्तर १८. बारा रॅट वाचले. उत्तर १० च्या खाली गेलं तर मात्र मीच फॉर्म परत पाठवते, कारण निष्कर्ष न निघणारा प्रयोग म्हणजे सगळीच जनावरं वाया. दोन मैत्रिणींचं मॉडेल एकच असेल तर एकाच वेळी करा, कंट्रोल आणि स्टँडर्ड गट एकच पुरतो. गट एक्सेलमधल्या रँडम आकड्यांनी पाडा, पिंजऱ्यात हात घालून नाही. बाटल्यांवर कोड दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा आणि सूज मोजणाऱ्याला तो कळू देऊ नका. तोंडावाटे विषारीपणा बघायचा असेल तर जुन्या एलडी-५० चं (निम्मी जनावरं मरतील तो डोस शोधणारी चाचणी) नाव काढू नका. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती चाचणी २००२ मध्येच रद्द केली. आता मार्गदर्शिका ४२३ प्रमाणे एका पायरीला तीनच जनावरं लागतात.

हाताळणी. माईसना (रॅटपेक्षा छोट्या उंदरांना) शेपटीने उचलू नका. बोगद्यातून किंवा ओंजळीतून उचललेले माईस कमी घाबरतात, असं लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकच्या पाइपाचे वीतभर तुकडे आणले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि प्रत्येक पिंजऱ्यात एक ठेवला. माईस आपणहून त्यात शिरतात. डोसिंगच्या आधी आठवडाभर रोज जाऊन नुसतं त्यांना हाताळा. घाबरलेल्या जनावराची रक्तशर्करा चढते आणि ती तुमच्या आकड्यांत शिरते. वेदना ओळखायला शिका. मिटलेले डोळे, मागे गेलेले कान, फुगलेलं नाक. वजन किती घटलं की प्रयोग थांबवायचा, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. त्या दिवशी तुमचं मन कच्चं होईल आणि गाईडला आकडा हवा असेल, म्हणून आधी.

नोकरीसाठी म्हणूनही हे शिका. सौंदर्यप्रसाधनांची जनावरांवरची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे. औषधांची मानकं देणाऱ्या इंडियन फार्माकोपिया २०१८ ने सशावरच्या पायरोजेन चाचणीला (औषधात ताप आणणारं काही आहे का ते बघणारी) पर्यायी चाचण्या दिल्या. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ च्या दुरुस्तीने पेशी आणि ऑर्गन-चिप (अवयवासारख्या वागणाऱ्या पेशींची चिप) यांवरच्या पद्धतींना जागा मिळाली.

शेवटचं काम ॲनिमल हाउसच्या दारावर. तिथे आम्ही एक कागद लावला आहे. ज्याचा प्रयोग संपणार असेल त्याने तारीख आणि किती जनावरं ते चार दिवस आधी लिहायचं, आणि आपल्याला कोणता अवयव लागणार तेही. मागच्या खेपेला एकाला फक्त स्वादुपिंड हवं होतं. त्याच सहा रॅटचं यकृत एका मुलीने नेलं, महाधमनी दुसरीने. या दुसरीने आपल्या फॉर्म बीमधले १२ रॅट स्वतःच खोडले आणि खोडलेल्या जागी सही करून फॉर्म माझ्याकडे आणून दिला.